आईच्या कपाटाचा वास

४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच फेकशील, असं हिला वाटतं. मला वाटतं, तू आधी वाचशील आणि मग फाडशील. फोनवर माझा नंबर तू बंद केलास, तेव्हा कागदाशिवाय इलाज नव्हता.

मुद्द्याचं लिहितो. आपल्या साबणाच्या कारखान्याला पन्नास वर्षं होतायत. मालकांनी त्यासाठी नवा साबण काढायचं ठरवलंय आणि त्याचा वास वासाच्या खोलीकडून, म्हणजे माझ्याकडून, एप्रिल संपायच्या आत हवाय. बाबांच्या खुर्चीत बसल्यापासून एवढं मोठं काम पहिलंच. मनात आलं, इतकं तयार नाक असलेली ताई कपडे धुण्याच्या दुकानात डाग काढत बसलीय, हे काही बरं नाही. सोबत पेटी पाठवतोय. तिच्यात अर्कांच्या बाटल्या आहेत, वास घ्यायच्या कागदी पट्ट्या आहेत आणि मी केलेले चार नमुने आहेत. वास घेऊन बघ, कोणता जमलाय ते कळव. वाटलं तर स्वतःच एखादा करून पाठव. तुझं नाव मी मालकांपासून लपवणार नाही, फक्त योग्य वेळी सांगेन.

मागचं उकरायला नको. लशीच्या पासाचा नियम मी केला नव्हता, मी तो फक्त लावला. ते दिवसच तसे होते, रोज ओळखीतलं कुणीतरी जात होतं. आईला काय झालं आणि कशामुळे झालं, यावर मी आता बोलत नाही. तूही बोलू नकोस.

तुझा,
नकटू

१३ मार्च

चि. नकटूस,
अनेक आशीर्वाद. हे हाताला वळण आहे म्हणून लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

मागचं उकरायला नको, हे ज्याने पुरलं त्याने सांगू नये. मी उकरणार आहे.

त्या सोमवारी सकाळी फाटकावर रांग होती. फाटकावरचे काका एकेकाचा फोन बघत होते. लस घेतल्याची हिरवी खूण असली की आत. माझ्या फोनवर खूण नव्हती. काका खाली बघत म्हणाले, "बाई, वरून हुकूम आहे." वर म्हणजे कुठे ते मला ठाऊक होतं. मी मान वर केली तर वासाच्या खोलीच्या खिडकीत तू उभा. मी हात केला. वाटलं, हा आता धावत खाली येईल, काकांना म्हणेल, अहो ही माझी ताई. तू पडदा ओढलास. दुपारी माझा डगला आणि चहाचा कप एका पिशवीत घालून खाली आला. बाबांच्या हाताखाली शिकले, एकवीस वर्षं त्या खोलीत काढली, आणि निरोप द्यायला पिशवी!

मी लस नको म्हटलं नव्हतं, हे तुला पक्कं माहीत आहे. लहानपणी एका इंजेक्शनाने माझा गळा सुजला होता, तेव्हा मला उचलून दवाखान्यात नेलं होतं. या वेळी डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात, त्यांच्या डोळ्यांसमोर घ्या, महिनाभरात नंबर लागेल. मी तुझ्याकडे महिना मागितला. तोवर गोदामात एकटी बसून काम करते म्हटलं. तू म्हणालास, "तुला सूट दिली की उद्या सगळे मागतील." वर लगेचच पासावरच्या जाहीर वादसभेत मंचावर बसून सांगितलंस, "माझ्या घरातच एक व्यक्ती आहे, जिला स्वतःचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या श्वासापेक्षा मोठं वाटतं." काय टाळ्या पडल्या! मी शेवटच्या रांगेत होते. आजूबाजूचे लोक विचारत होते, कोण हो ती.

पासाच्या विरोधातल्या लोकांनीही मला बोलावलं. गेले एकदा. एकजण सांगत होता की सुईतून अंगात यंत्र सोडतात. दुसरा म्हणाला, रोग मुळात नाहीच. शेजारच्या घरातून दोन माणसं गेलेली मी पाहिली होती, मी चप्पल घालून बाहेर पडले. तुमच्यात मला जागा नव्हती आणि त्यांच्यात मला बसायचं नव्हतं. लस मी पुढे घेतली. हात दुखला, बाकी काही झालं नाही. तुला कळवलं नाही, कारण तुला आनंद झाला असता.

आणि आई गेल्यावर तू काय केलंस? एकेका नातेवाइकाला फोन करून सांगितलंस की ताई बिनलशीची घरी आली, मागच्या दाराच्या गजातून आईचा हात धरला आणि रोग देऊन गेली. मावशीने तेव्हापासून माझा फोन उचललेला नाही. मला तुझं काम नको, दया नको. ज्या तोंडाने ते सांगितलंस त्याच तोंडाने, त्याच माणसांपुढे ते परत घे. तोवर मी तुझी कुणी नाही.

नमुने चारही भयंकर गोड आहेत. चौथ्याला तर मांजरीच्या मुताचा वास मारतोय. तू एवढा कसा घसरलास?

कागद खराब झालाय. तुझ्यासाठी दुसरा घ्यायची इच्छा नाही.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तू कितीही शिव्या घाल, एक गोष्ट तुला लपवता आली नाही. पाकीट फोडून कागद नाकाशी धरला आणि मी खुर्चीत बसलोच. आईच्या कपाटाचा वास! ती बाबांनी केलेली साबणाची वडी, घड्या घातलेले कपडे, सगळं समोर आलं. रागाने लिहायला बसलीस तरी कागद आईच्या कपाटातला घेतलास ना? डोळे भरून आले, खरं सांगतो.

आता तुझ्या रागाबद्दल. एकाचं स्वातंत्र्य कुठे संपतं आणि दुसऱ्याचा जीव कुठे सुरू होतो, हा प्रश्न तेव्हा पुस्तकातला नव्हता. कारखान्यात तीनशे माणसं होती. प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं. मी बहिणीला सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने कुणाला अडवलं असतं? तू मला निर्दय म्हण, पक्षपाती तरी म्हणता येणार नाही.

आणि मी खिडकीत बसून नुसते हुकूम सोडत होतो असं समजू नकोस. तू गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात गोदामात मोगऱ्याच्या कच्च्या अर्काचं पिंप फुटलं. तुला माहीत आहे तो कच्चा असताना कसा असतो, सडक्या मांसासारखा. सगळे तोंडाला फडकी लावून बाहेर पळाले, दोघं तर फाटकापाशी ओकले. मी एकटा आत राहिलो आणि दुपारपर्यंत फरशी पुसत होतो. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जबाबदारी म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.

आईबद्दल मी जे पाहिलं तेच सांगितलं. तू मागच्या दारी गजाशी आलीस, तिचा हात धरलास, आणि चौथ्या दिवशी तिला ताप आला. यात परत काय घेऊ?

नमुने फार गोड आहेत असं मलाही वाटतच होतं. तूच एक करून दे ना. बाबांच्या खोलीची अब्रू आहे, निदान त्यासाठी तरी.

तुझा,
नकटू

२ एप्रिल

चि. नकटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांच्या खोलीची अब्रू म्हणालास, तिथे मी नरमले. दुकानात वाफेसमोर उभं राहून माणसाचा राग तरी किती दिवस टिकणार?

वास करून पाठवतेय. नाव 'सकाळ' ठेव. लिंबाची ताजी साल, त्यात पुदिना, आणि अंगावर थंड पाणी उडाल्यासारखं काहीतरी. समारंभात बोलायला तुला वाक्यं लागतील, हीच वापर. बाटली मी मेण लावून बंद केलीय. ती त्या दिवशी मंचावरच उघड. आधी हवा लागली की वरचा लिंबाचा वास उडून जाईल आणि मग मला दोष देशील. पट्ट्या तिथेच बुडवायच्या आणि तिथेच वाटायच्या.

एकच मागणं आहे. मावशीला पहिल्या रांगेत बसव. तिने तिथे वेष्टनाच्या खात्यात अर्धं आयुष्य काढलंय, तिचा तेवढा मान आहे. मी सुचवलं असं मात्र सांगू नकोस, नाहीतर ती यायची नाही.

ताई

२ एप्रिल
(हे दुसरं पत्र. आज लिहून ठेवते. टपालात टाकीन ते तुझ्या समारंभाच्या दिवशी सकाळी.)

नकटू,

१३ मार्चचं पत्र लिहिताना माझ्या टेबलावर डाग काढायच्या औषधाची बाटली कलंडली. तेलकट डाग काढायचं, रॉकेलपेक्षा उग्र. कागद चिंब झाला. वाळवला आणि तसाच पाठवला, तुझ्यासाठी तेवढंच पुरे म्हणून. आमची दुकानदारीण म्हणाली, पोस्टमनला ठसका लागेल. आणि तुला त्यात आईचं कपाट दिसलं. डोळेही भरून आले म्हणे.

आधी मी पोट धरून हसले. मग हसू थांबलं.

मोगऱ्याच्या कच्च्या अर्काचं नुसतं झाकण उघडलं तरी बाबा मागच्या दाराने निघून जायचे. नाक असलेला माणूस तिथे दुपारपर्यंत उभा राहूच शकत नाही. तू शूर नव्हतास रे. तुला कसला वासच येत नव्हता. त्या दिवसांत माणसाचं नाक अचानक कशाने जात होतं, हे शेंबडं पोरही सांगत होतं. तुला तर पहिल्या सकाळीच कळलं असणार, आपल्यासारख्यांना ते कळल्याशिवाय राहील? आणि नेमकं आपल्यासारखेच ते लपवणार. दुसऱ्या कुणी घरात बोंब मारून सांगितलं असतं, मला वास येत नाही. तुझी खुर्चीच नाकावर उभी होती.

आता नीट वाच. मी आईला गजाशी भेटले ते पिंप फुटल्यावर काही दिवसांनी. तुझा हुकूम होता, बिनलशीची वर येणार नाही, म्हणून आई खाली मागच्या दाराशी आली. काय बोलली ठाऊक आहे? "अगं, याचा तो शर्ट इतका घाण मारतोय, धुवायला टाक म्हटलं तर म्हणतो कसला वास? आणि तोच घालून जेवायला बसतो माझ्यासमोर." मी म्हटलं, मिरवत असेल, पाठ थोपटून घेतलीय ना. तेव्हा मला इतकंच सुचलं.

म्हणजे मी आईचा हात धरला त्याच्या कितीतरी आधीपासून तू आजारी होतास. खिशात हिरवी खूण घेऊन रोज तिच्या ताटासमोर बसत होतास. तिची दुसरी लस अजून व्हायची होती. मी मात्र गजाबाहेर.

बाटलीत लिंबू नाही. संत्र्याची साल आहे, देवदाराचं लाकूड आहे, आणि इस्त्री फिरवलेल्या कापडाची ऊब आहे. बाबांनी आईसाठी केलेली वडी, जी ते दरवर्षी सगळ्या घरांत वाटायचे. तुझ्याच पेटीतल्या अर्कांनी केली. सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना ती एका श्वासात ओळखू येईल. तुला येणार नाही. मी तुझं नाक भर सभेत कापणार आहे आणि समोरची तोंडं पाहीपर्यंत ते कापल्याचं तुला कळणारही नाही.

मला यात आनंद होतोय. तो मी लपवत नाही.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

बाटली पोहोचली. तू उघडू नको म्हणालीस, पण राहवलं नाही, मेण जरासं सारून वास घेतलाच आणि परत लावलं. ताई, काय लिंबू आहे! जिभेला पाणी सुटलं. आणि मागून तो पुदिना हळूच येतो, तो तर तुझाच हात. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

मावशीला गाडी पाठवतोय. हिला नवी साडी घेतली. समारंभ नीट पार पडला की मालकांजवळ तुझा विषय काढतो, शब्द देतो. माणसाने किती दिवस धरून ठेवायचं?

तुझा,
नकटू

२६ एप्रिल

चि. पोरी,
तुला काय म्हणून लिहू ते कळत नाही म्हणून पोरी लिहिलं.

काल तो गाडीतून घेऊन गेला मला. पहिल्या रांगेत बसवलं, मऊ खुर्ची, पाण्याची बाटली. मालक बोलले. मग हा उठला. कोट काय, कडक कॉलर काय! बाटली वर धरून मेण फोडलं, पट्ट्या बुडवल्या, पोरींनी त्या रांगारांगांतून वाटल्या. हा माइकवर सुरू झाला, लिंबाची साल, पुदिना, थंड पाणी, सकाळ.

मी पट्टी नाकाशी नेली आणि माझा हातच थांबला. माझी बहीण उभी राहिली गं माझ्यासमोर, कपाटाचं दार उघडून. मला रडूच फुटलं. मागे वळून बघते तर वेष्टनातल्या जुन्या बायका सगळ्या डोळ्यांना पदर लावून. फाटकावरचे काका दाराशी उभे होते, त्यांनी तर पट्टी डोक्याला लावली. आणि हा वर हसतोय! त्याला वाटलं, लिंबाने रडतायत सगळे. म्हणतो कसा, "ताजेपणा माणसाला असा हलवून सोडतो."

मालक उठून त्याच्या कानाशी गेले, काहीतरी बोलले. हा माइकवरच म्हणाला, "नाही हो, लिंबूच आहे." मग माझ्याने बसवेना. मी चढले मंचावर, गुडघा दुखत होता तरी. पिशवीतलं माझं पाठदुखीचं मलम काढलं, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. ते मलम उघडलं की माझ्या खोलीत कुणी येत नाही. विचारलं, "हे काय आहे रे?" डोळे मिटून म्हणाला, "हेच, मावशी. लिंबू." कुणी हसलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "कधीपासून?" तो माझ्याकडे बघेना. पुन्हा विचारलं. म्हणाला, "तेव्हापासून. पिंप फुटलं त्याच्या आधीपासून." आणि मग त्याची बायको उभी राहिली. नवी साडी नेसली होती बिचारी. म्हणाली, "म्हणजे सासूबाईंच्या आधी. म्हणजे ताईंनी हात धरला त्याच्याही आधी." एवढं बोलली आणि पिशवी उचलून निघून गेली.

मी तीन वर्षं तुझा फोन उचलला नाही. त्याबद्दल मी काय लिहू? ये एकदा, तोंडावर बोल मला काय बोलायचं ते. मी ऐकून घेईन.

पण एक विचारते. तो वास तू केलास, हे मला मंचावरच कळलं. आमची बहीण अशी भर सभेत काढायला हवी होती का गं? मला अजून ठरवता येत नाही. पट्टी मात्र मी उशीखाली ठेवलीय.

तुझी,
मावशी

३ मे

ताई,

तुझं ते ठेवलेलं पत्र मिळालं. झालं समाधान? मालकांनी मला घरी बसवलंय. ही जेवायला वाढते आणि आत जाते. बाजारात लोक मला बघून खिशातला रुमाल काढून हुंगतात आणि हसतात. आईचा वास वापरलास! माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचास, मेलेल्या माणसाला कशाला मंचावर आणलंस?

लस घेतलेल्याला काही होत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. डॉक्टर तसं म्हणत नव्हते, ते म्हणायचे, झालं तरी जिवावर बेतण्याची भीती कमी. पण मंचावर असं कोण बोलतं? तिथे ठणकावून बोलावं लागतं. मग एका सकाळी चहाचा वास आला नाही. मी कोपर हुंगलं, बाबांनी नाक ताजं करायला शिकवलं होतं तसं, स्वतःच्या कातडीचाही वास नाही. ताप नाही, खोकला नाही. मी कुणाला काय सांगणार होतो? सभेत गरजून आठ दिवस झाले नव्हते. फोनवर खूण हिरवीच होती. मी स्वतःला सांगितलं, खूण हिरवी आहे म्हणजे काही नाही, सर्दी असेल. रोज सकाळी ती खूण काढून बघायचो.

तरी मी म्हणेन, नियम बरोबर होता. लस घेतली म्हणून मी आज जिवंत आहे, आणि कारखान्यातली कितीतरी माणसं आहेत. यावर तू मला हरवू शकणार नाहीस.

मालकांनी तुला खुर्चीवर बोलावल्याचं कळलं. बस. पण मला खोलीत येऊ दे, ताई. बाटल्या पुसेन, पट्ट्या कापेन. डॉक्टर म्हणतात, रोज ओळखीचे वास घेत राहिलं तर गेलेलं नाक कधीकधी थोडं परत येतं. घरी कशाचा वास घेऊ? इथे कुणी माझ्याशी बोलतही नाही.

नकटू

१४ मे

चि. नकटूस,

बाबांच्या खुर्चीत बसून लिहितेय. पडदा काढून टाकलाय, खोलीत आता भरपूर उजेड असतो.

नियम बरोबर की चूक, यावर तुला हरवायची मला गरजच नाही. मानलं, बरोबर होता. लोक मरत होते, काहीतरी करायलाच हवं होतं. पण तू तो मला लावलास आणि स्वतःला लावायला विसरलास. नियम म्हणत होता, रोग घेऊन आत येऊ नका. तू त्याचा अर्थ लावलास, खूण घेऊन आत या. मला महिना मिळाला नाही. तू स्वतःला तीन वर्षं दिलीस.

आणि आईला रोग तूच दिलास, असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुझ्याकडून आला असेल, दूध घालणाऱ्याकडून आला असेल, कुणास ठाऊक. मला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नव्हतं. तरी तू ते दारोदार सांगत फिरलास, एवढाच आपल्या दोघांत फरक आहे. तो मी तुला विसरू देणार नाही.

मावशीने विचारलं, आईला भर सभेत काढायला हवं होतं का. तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते. हो. तू तिला फोनाफोनी करून घराघरांत नेलंस, मी एकदाच सभेत नेलं. निदान माझ्या वेळी लोक तिच्यासाठी रडले.

खोलीत यायचंय म्हणतोस. इथे आता माझा नियम आहे. दारात प्रत्येकाने आधी एक पट्टी ओळखायची, मग आत. मालक आले तरी त्यांनाही. तुझीच पद्धत आहे, खूण फक्त वेगळी. तुझी पट्टी सोबत पाठवतेय. वास कसला ते लिहून कळव. बरोबर आलं तर ये. बायकोला विचारू नकोस, मी तिला फोन करून सांगून ठेवलंय आणि ती माझ्या बाजूला आहे.

ताई

२३ मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पट्टी रोज घेऊन बसतो. आधी कोपर हुंगतो, मग पट्टी, मग पुन्हा कोपर. पहिल्या दिवशी लिंबू लिहिलं. वाटलं, ताई मला चिडवायला लिंबूच पाठवणार. मग वाटलं नाही, संत्रं असेल, आईची वडी. मग ते तुझं डागांचं औषध. प्रत्येक वेळी नवा कागद घेतला आणि फाडला. ही दारातून बघत होती. मी पट्टी तिच्यापुढे केली तर तिने तोंड फिरवलं.

काही येत नाही, ताई. काहीच येत नाही. हेच माझं उत्तर आहे, दुसरं माझ्याकडे नाही. चुकलं असेल तर चुकलं.

सगळ्यांना फोन केले. मावशीपासून सुरुवात केली. जे पसरवलं होतं ते परत घेतो म्हणून एकेकाला सांगितलं. मामा म्हणाले, आता काय उपयोग, आणि ठेवून दिला. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. याचा पट्टीशी संबंध नाही. पट्टी चुकली तरी ते फोन झालेलेच आहेत.

नकटू

३१ मे

चि. नकटूस,
अनेक आशीर्वाद.

पट्टी कोरीच होती. मी ती कशातही बुडवली नव्हती.

तू काहीतरी ठोकून देशील अशी माझी खात्री होती. ते पत्र मालकांना दाखवायचं, भिंतीवर लावायचं, इथवर मी ठरवून ठेवलं होतं. तुझं उत्तर वाचलं आणि मला राग आला, कारण ते बरोबर होतं. बरोबर आलं तर ये, असं मी लिहून बसले होते. मी शब्द मोडणार नाही.

सोमवारी सकाळी फाटकाशी ये, सगळे आत जायच्या वेळेला. काकांना मी तुझं नाव दिलेलं नाही, ते तुला अडवतील. वाद घालू नकोस. मान वर कर, मी खिडकीत असेन. वाटलं तर हात कर.

खाली यायचं की नाही, ते मी तेव्हा ठरवीन.

ताई